अंगापेक्षां बोंगा

म्हातारपणीं मुलाच्या घरीं जावें तें नातवंडांना गोष्टी सांगाव्या, सुनेच्या हातचें गरम जेवावें आणि दुपारीं पुस्तक छातीवर ठेवून झोंपी जावें यासाठीं, अशी माझी साधी समजूत होती. परंतु २०२३ सालच्या मे महिन्यांत मी इंग्लंडांत कॉव्हेंट्रीस आमच्या बाळाकडे जाऊन उतरलों, आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं माझ्या हातीं पुस्तकाऐवजीं तेरा नंबरचा पाना आला. बाळ म्हणजे बेचाळीस वर्षांचा, एका मुलाचा बाप असलेला आणि डोक्यावरचे केस विरळ झालेला गृहस्थ. पण घरांत एकदां पडलेलें नांव माणसाला जन्मभर पुरतें.

घराच्या मागें गॅरेज आहे. या देशांत गॅरेज बांधतात मोटार ठेवण्यासाठीं, आणि मोटारीखेरीज बाकी सर्व कांहीं त्यांत ठेवतात, असें सूनबाईंनीं मला आदल्या रात्रींच सांगितलें होतें. या गॅरेजांत मात्र खरोखरीच मोटार होती. माझदा या जपानी कंपनीची एम्‌एक्स-५, तांबडी, दोनच आसनांची, आणि इतकी ठेंगणी कीं तिच्या छपरावर हात ठेवावयास मला वांकावें लागलें. तिचें बॉनेट उघडें होतें, आणि आंत जेथें इंजिन असावयाचें तेथें खालची सिमेंटची जमीन दिसत होती. शेजारीं साखळीच्या कप्पीला दुसरेंच एक इंजिन टांगलें होतें. तें काळें, तेलकट, लोखंडी आणि त्या पोकळीच्या मानानें इतकें धिप्पाड होतें कीं आमच्या आजीच्या तोंडची म्हण माझ्या तोंडीं आली.

“बाळ, हा तर अंगापेक्षां बोंगा मोठा झाला रे!”

“बाबा, हा बोंगा दोनशें अश्वशक्तीचा आहे,” तो अभिमानानें म्हणाला, “आणि टर्बो आहे.”

मग त्यानें मला सर्व हिशेब सांगितला. गाडीचें मूळचें इंजिन १६०० सी. सी. चें, सुमारें ११५ अश्वशक्तीचें. गाडीचें वजन सुमारें ९५० किलो. म्हणजे एकेका अश्वाला ओढावे लागणार सव्वाआठ किलो. नवें इंजिन जड, त्याच्या बरोबर येणारें सामानहि जड. त्यामुळें गाडी १००० किलोंवर जाणार. पण अश्व दोनशें, तेव्हां प्रत्येकाच्या वांट्याला पांचच किलो! हें इंजिन त्याला, मागून धडक बसून निकालांत निघालेल्या एका चारदारी गाडींतून स्वस्तांत मिळालें होतें. जुनें इंजिन कोपऱ्यांत गोणपाटाखालीं, मान वगळलेल्या पाहुण्यासारखें मुकाट बसलें होतें.

“पण हें सगळें कशासाठीं?” मीं विचारलें.

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “दिवसभर संगणकासमोर बसून मी आंकडे इकडचे तिकडे करतों, बाबा. संध्याकाळीं वाटतें, हाताला लागेल असें कांहीं तरी खरें करावें.”

या उत्तरावर मला बोलायला जागा उरली नाहीं. मीं शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

टर्बो म्हणजे काय हें ज्या मंडळींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. बत्तीस वर्षें तंत्रनिकेतनांत इंजिनें शिकविलेल्या मास्तराला एवढी मोकळीक वाचकांनीं द्यावी. इंजिन ही एका अर्थानें चूलच. चुलींत लाकडें कितीहि घाला, वारा नसेल तर नुसता धूर होतो. फुंकणीनें फुंकर घातली कीं तींच लाकडें भडकतात. टर्बो ही इंजिनाची फुंकणी होय. मौज अशी कीं ही फुंकणी फुंकावयास निराळें माणूस लागत नाहीं. इंजिनांतून जो तप्त धूर बाहेर पडतो त्याच्या बरोबर इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा फुकट जात असतो. त्या धुराच्या वाटेंत एक लहानसें चक्र बसवितात. धूर तें फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला दुसरें चक्र असतें. तें बाहेरची हवा ओढून घेतें आणि दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ति अधिक. मुठींत मावेल एवढें हें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें!

ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराची. त्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें इंजिन पाइक्स पीक नांवाच्या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेलें, आणि तेथल्या विरळ हवेंतहि टर्बोच्या आधारानें त्याचा दम टिकतो हें दाखवून दिलें. ब्यूखीची युक्ति जहाजांवर रुजूं होण्यास मात्र १९२५ साल उजाडलें. त्या वर्षीं दोन जर्मन उतारू-जहाजांच्या डीझेल इंजिनांची शक्ति तिनें १७५० अश्वांवरून २५०० वर नेली.

मोटारींत टर्बो आला तो १९६२ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत निघालेल्या ओल्ड्‌समोबाइल जेटफायर या गाडीची हकीकत मी वर्गांत दरवर्षीं सांगत असें. हवा दाबली कीं ती तापते, आणि तापलेलें मिश्रण सिलिंडरांत भलत्या वेळीं पेट घेतें. तें टाळण्यासाठीं त्या गाडींत पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाची एक टांकी ठेवली होती. ती रिकामी होऊं न देणें एवढेंच मालकाचें काम. पण पुष्कळ मालक तेवढेंहि विसरत. टांकी आटली कीं गाडी आपण होऊन आपली शक्ति आंवरून घेई. पुढें कंपनीनें अशा गाड्यांचे टर्बो काढून त्या जागीं साधे कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. ही गोष्ट ऐकून विद्यार्थी हंसत, आणि मीहि हंसत असें. शक्ति घरीं आणणें आणि तिच्यासाठीं रोज एक टांकी भरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असें म्हणून मी फळा पुसून टाकीं.

आतां दुसरी बाजू. याच इंग्लंडांत लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा कल नेमका उलट होता. गाडी वेगवान करावयाची तर प्रथम तिचें वजन उतरवा, हा त्यांचा मार्ग. त्याच मार्गानें पुढें १९९६ सालीं निघालेली लोटस एलीस ही गाडी अवघ्या ७२५ किलोंच्या आसपास होती, आणि तिला ११८ अश्व पुरून उरत. यामागचें तत्त्व सोपें आहे. वाढविलेली शक्ति गाडी पुढें रेटतांना उपयोगी पडते. उतरविलेलें वजन पुढें जातांना, वळतांना आणि थांबतांना, तिन्ही वेळां उपयोगी पडतें. १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांसमोर आलेली एम्‌एक्स-५ हीहि त्याच पंथांतली. तिच्या कर्त्यांनीं समोर ठेवलेल्या जपानी सूत्राचा अर्थ ‘घोडा आणि स्वार एकजीव’ असा आहे.

मीं बाळाला विचारलें, “स्वार तोच ठेवलास आणि घोडे ११५ चे २०० केलेस, तर आतां कोणीं कोणाशीं एकजीव व्हावयाचें?”

“स्वार शिकेल,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं आणि शनिवार-रविवार आमचें काम सुरू झालें. नातू नऊ वर्षांचा. तो स्टुलावर बसून बोल्ट मोजण्याचें काम करी आणि प्रत्येक बोल्टाला नांव ठेवी. इंजिन गाडींत बसविणें म्हणजे तें साखळीनें उचलून खालीं सोडणें, एवढेंच काम असतें तर तें एका दुपारचें होतें. पण एकत्र कुटुंबांत एका भावाचा पगार एकाएकीं दुप्पट झाला, तर सगळ्यांना आनंद होतो खरा, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरांतली प्रत्येक गोष्ट आपलें गाऱ्हाणें घेऊन उभी राहते. तसें येथें झालें. प्रथम गिअरबॉक्स म्हणाला, माझें तोंड याच्या तोंडाशीं जुळत नाहीं. दोघांच्या बोल्टांच्या जागा निराळ्या. तेव्हां मध्यें अॅल्युमिनियमची जाड थाळी कापून आणून त्यांचें लग्न लावावें लागलें. मग इंजिनाच्या तळाचा सम्प खालच्या आडव्या तुळईवर बसूं लागला. तो कापून, उथळ करून पुन्हां सांधावा लागला. टर्बोचें धुराडें स्टीअरिंगच्या दांड्याच्या अगदीं कानाशीं आलें. जोरांत चालतांना त्यांतला धूर ९०० अंशांपर्यंत तापतो. म्हणून मध्यें पत्र्याचा आडोसा केला आणि धुराड्याला उष्णता अडविणारी पट्टी, जखमेला गुंडाळावी तशी, गुंडाळली.

टर्बोनें दाबलेली हवा थंड करण्यासाठीं पुढें इंटरकूलर बसविला, तर त्यानें मागच्या रेडिएटरचा वारा अडविला. मग रेडिएटर मोठा आणला. क्लच दोनशें अश्वांपुढें घसरणार हें उघड होतें, म्हणून तोहि नवा आला. मागच्या चाकांना शक्ति वांटून देणारा डिफरन्शियल मुळांत ११५ अश्वांच्या हिशेबानें घडविलेला. त्याच्या जागीं दणकट पाहिजे झाला. इंजिन बदललें हें सरकारी नोंदणींत आणि विमेवाल्यांना कळवावें लागतें; तेंहि सूनबाईंनीं सोपस्कार करून उरकलें, आणि नव्या हप्त्याचा आंकडा ऐकून त्या रात्रीं आमटींत मीठ घालावयास विसरल्या. शेवटीं चारहि चाकें एका मित्राच्या कांट्यांवर चढवून आम्हीं वजन केलें. पूर्वीं पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मेंनिम्म असलेला भार आतां पुढें झुकला होता. गाडीनें जणूं मान खालीं घातली होती.

राहतां राहिले ब्रेक. मोठ्या चकत्या आणि त्यांना धरणारे नवे चिमटे मागविले होते, पण ते आले नव्हते. पंधरा-वीस दिवसांनीं येतील असें कळलें. आणि इकडे जून महिन्याच्या एका गुरुवारीं रात्रीं इंजिन पहिल्यांदा धडधडलें. गॅरेजाच्या भिंती हादरल्या, नातू टाळ्या पिटीत नाचला, आणि बाळाच्या चेहऱ्यावर मला तो दहावीचा निकाल घेऊन आला होता त्या दिवसाचा आनंद दिसला. लगेच बेत ठरला. रविवारीं पहांटे, रस्ते रिकामे असतांना, पंचवीस मैलांवर राहणाऱ्या मित्राकडे जाऊन यावयाचें. शेजारच्या आसनावर कोण? नातवानें आपली उंच गादी त्याच रात्रीं गाडींत नेऊन ठेवली.

“आणि ब्रेक?” मीं विचारलें.

“जुने आहेत ना. अजून चांगल्या स्थितींत आहेत. मी सावकाश चालवीन.”

मीं त्याला हिशेब सांगितला. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गानें वाढते. पूर्वीं दोन वळणांच्या मध्यें ही गाडी ताशीं ५० मैलांवर पोंचत असेल, तर आतां तेवढ्याच अंतरांत ती ७० वर पोंचेल. वेग दीडपटहि वाढला नाहीं, पण ब्रेकला गिळावी लागणारी उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. आणि तीहि प्रत्येक वळणावर. एका वळणावर जुने ब्रेक धरतील, दुसऱ्यावर धरतील. तापत तापत सहाव्यावर पाय खालीं जाईल आणि गाडी थांबणार नाहीं.

“बाबा, हें गणित मीहि शिकलों आहें,” तो शांतपणें म्हणाला.

तें खरेंच होतें. त्यानें तें शिकलें होतें आणि मीं शिकविलें होतें. परंतु गणित येत नाहीं म्हणून माणसें चुकतात असें थोडेंच आहे? मीं अंथरुणावर पडून डोळे मिटले, आणि पंचावन्न वर्षें मनाच्या तळाशीं दाबून ठेवलेली एक गोष्ट वर आली.

१९६८ सालची गोष्ट. मी अठरा वर्षांचा होतों. इंजिनिअरिंग कॉलेजाचें पहिलें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें, आणि जगांतील सर्व यंत्रें आपल्याला विचारून चालतात असा माझा समज होता. कुळकायद्याच्या वावटळींतून वांचलेला चार एकरांचा मळा आमच्याकडे कृष्णेकांठीं, सांगलीजवळ होता. वडील मुंबईस नोकरीला. मळा आणि घर काका पाहात. काका पेटी वाजवीत. दर गुरुवारीं घरांत भजन होई, आणि काकांचीं बोटें पेटीवर पडलीं कीं ओटीवर बसलेली माणसें बोलावयाचीं थांबत.

मळ्यांतल्या विहिरीवर पांच अश्वशक्तीचें तेलाचें इंजिन होतें. तें चामड्याच्या लांब पट्ट्यानें पंप फिरवी. पाणी मंद येई. त्या सुट्टींत मला एक जुनें दहा अश्वशक्तीचें इंजिन अल्प किंमतींत विकाऊ असल्याचें कळलें. काका म्हणाले, “पुढल्या वर्षीं पाहूं.” मीं आजीकडे हट्ट धरला, आजीनें काकांकडे शब्द टाकला, आणि इंजिन आलें. मीं तें जुन्याच जोत्यावर बसविलें, पंप अधिक वेगानें फिरावा म्हणून इंजिनावर मोठी पुली चढविली, आणि पट्टा मात्र तोच ठेवला. त्याचे सांधे वादीनें शिवलेले होते. वादी जुनी झाली होती हें मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पण नवा पट्टा घ्यावयाचा तर पुन्हां काकांकडे पैसे मागावे लागले असते.

पाणी असें आलें कीं पाटाच्या कडा फुटल्या. दोन दिवस सर्व गांव तें पाहून गेला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मीं काकांना मुद्दाम हांक मारली. “काका, जवळ या, पंपाचा वेग पाहा!” ते आले, आणि वांकून पाहूं लागले. त्याच वेळीं पट्ट्याचा सांधा उसवला. सुटलेला पट्टा सापासारखा उसळला आणि त्यांच्या उजव्या हातावर बसला.

दोन बोटें कायमचीं निकामी झालीं. इस्पितळांत घरचीं सर्व मंडळीं जमलीं तेव्हां काकांनीं सांगितलें, “माझें उपरणें पट्ट्याजवळ गेलें. चूक माझीच.” कोणीं मला एक शब्दहि विचारला नाहीं. रात्रीं त्यांच्या उशाशीं मी एकटा बसलों होतों. तेव्हां ते छताकडे पाहात हळूच म्हणाले, “शक्ति आणलीस, छान केलेंस. पण पट्ट्याला विचारलें होतेंस का?”

त्यानंतर तेवीस वर्षें काका जगले. या विषयावर ते पुन्हां कधीं बोलले नाहींत, आणि मीहि बोललों नाहीं. गुरुवारचें भजन चालूं राहिलें. पेटी मात्र माळ्यावर गेली. मी पुढें इंजिनिअर झालों, मास्तर झालों. पट्ट्यावर किती ताण येतो याचीं सूत्रें बत्तीस वर्षें फळ्यावर लिहिलीं. पण ही एक गोष्ट मीं ना वर्गांत सांगितली, ना घरांत. मुलाच्या नजरेंत बाप शहाणा राहावा ही हांव मोठी चिवट असते.

शनिवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर मी गॅरेजांत गेलों. बाळ गाडीखालीं निजून कांहीं तरी आवळीत होता. नातवाची गादी आसनावर तशीच होती. मी स्टुलावर बसलों आणि गाडीखालून दिसणाऱ्या त्याच्या पायांना उद्देशून सर्व हकीकत सांगून टाकली. समोर तोंड असतें तर कदाचित् सांगतां आली नसती. पान्याचा आवाज मध्येंच केव्हां तरी थांबला.

पुष्कळ वेळानें तो बाहेर आला. हाताचें तेल पुशीत त्यानें विचारलें, “म्हणजे माळ्यावरची ती पेटी... लहानपणीं मीं एकदां काकाआजोबांना म्हटलें होतें, वाजवून दाखवा ना. ते म्हणाले, ‘माझीं बोटें आतां आळशी झालीं आहेत रे.’ मी त्यांना हंसलों होतों, बाबा.”

मीं मान हलविली. यापेक्षां अधिक आम्ही दोघेहि बोललों नाहीं.

सकाळीं मी उठून खालीं आलों तों नातू स्वैंपाकघरांत रुसून बसला होता, आणि ती उंच गादी त्याच्या मांडीवर होती. बाळ त्याला सांगत होता, “आज नाहीं. ब्रेक यायचे आहेत. ते बसल्यावर पहिला मान तुझा नाहीं, आजोबांचा.” सूनबाईंनीं थालीपीठ लावलें होतें. माझ्या पानांत त्यांनीं न विचारतां दोनदां लोणी वाढलें. तेव्हां रात्रींची गोष्ट त्यांच्यापर्यंतहि पोंचली असावी असें मीं ओळखलें.

ब्रेक तीन आठवड्यांनीं आले. नवे चिमटे, मोठ्या चकत्या, नव्या नळ्या, नवें तेल. बाळानें प्रथम एकट्यानें, आमच्याच गल्लींत, मग बाहेरच्या रस्त्यावर, शंभर वेळां गाडी पळविली नाहीं तर शंभर वेळां थांबविली. आणि जुलै महिन्याच्या एका पहांटे माझें घोडामैदान जवळ आलें. मी, वय वर्षें त्र्याहत्तर, गुडघे छातीशीं घेऊन त्या तांबड्या डबींत बसलों.

शेतांमधून जाणारा रस्ता होता. दोहों बाजूंना कुंपणाचीं झुडपें, वर धुकें. बाळानें पाय दाबला. प्रथम कांहींच झालें नाहीं. टर्बोची ही खोडच आहे. धुराला जोर येऊन चक्र फिरूं लागेपर्यंत क्षणभर सगळें स्तब्ध असतें. रागीट पण अबोल माणसाला कोणीं टोंचून बोललें म्हणजे तो जसा आधीं नुसता पाहतो, तसें. मग कोठून तरी एक बारीक शीळ उठली, आणि कोणीं पाठींत हात घालून ढकलावें तसा मी आसनांत मागें दाबला गेलों. झुडपांची एकच हिरवी पट्टी झाली. खरें सांगतों, भीति वाटली नाहीं. अठरा वर्षांच्या वयांत पाटाच्या कडा फोडून जाणारें पाणी पाहिलें होतें, तोच आनंद पुन्हां झाला. शक्तीचा आनंद खोटा नसतो. तो खोटा असता तर ती आणण्याच्या खटपटीला कोण लागलें असतें?

वळण आलें. बाळानें पाय बदलला. गाडीनें नाक थोडें खालीं घातलें आणि कांहीं न बोलतां, एखाद्या शहाण्या बैलासारखी, वेग सोडून दिला. दुसरें वळण, तिसरें, दहावें. मी मोजीत होतों. प्रत्येक वेळीं पहिल्या इतक्याच निमूटपणें ती थांबत होती.

घरीं आल्यावर बाळानें लगेच किल्ली फिरविली नाहीं. एवढ्या पळापळीनंतर टर्बो तापलेला असतो; तेल वाहातें ठेवून त्याला मिनिटभर सावकाश निवूं द्यावें लागतें, नाहींतर त्याच्या बेअरिंगांत तेल जळून बसतें. इंजिन मंद गुरगुरत होतें, आम्ही दोघे समोरच्या भिंतीकडे पाहात गप्प बसलों होतों. किल्ली फिरविण्यापूर्वीं त्यानें माझ्याकडे न पाहतां विचारलें, “काय बाबा, पट्टा काय म्हणतो?”

“बरा आहे म्हणतो,” मीं सांगितलें.

ऑगस्टांत मी पुण्यास परत आलों. दिवाळींत त्याचा निरोप आला. त्याबरोबर छायाचित्र होतें: तांबडी गाडी, शेजारच्या आसनावर उंच गादीवर बसलेला नातू, आणि दोघांच्याहि तोंडावर हंसें. गाडी आणणारे लोक तिच्याविषयीं काय लिहितात हें मीं आयुष्यभर ऐकलें आहे. किती पळते, किती वेळांत साठ मैल गांठते. बाळानें एकच ओळ लिहिली होती : “बाबा, गाडी उत्तम थांबते.”